चौथा कोपरा

बटाटा मधोमध कापून मी एक फोड ताटात पालथी ठेवली आणि ताटात थोडं पाणी ओतलं.

"पाणी जिथवर आलंय तिथे पेनानं रेघ ओढ. चारी बाजूंनी."

खारूनं जीभ दातांत धरून रेघ ओढली. मी आणखी पाणी ओतलं, तिनं आणखी वर दुसरी रेघ ओढली. असं करत करत बटाट्याच्या अंगावर कड्याच कड्या चढल्या.

"आता खुर्चीवर उभी राहा आणि बरोबर वरून बघ."

ती खुर्चीवर चढली. आधी बटाट्याकडे बघितलं, मग शेजारी पसरलेल्या नकाशाकडे, आणि केवढ्यांदा तरी ओरडली, "आबा! यांनी नकाशात बटाटे काढलेत!"

मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. कागदावरच्या रेघांमधून डोंगर वर येताना मुलांचे चेहरे कसे होतात, ते कितीही वेळा पाहिलं तरी मला शिळं होत नाही. रेघा दाटीनं असतील तिथे चढ उभा, ऐसपैस असतील तिथे जमीन सपाट. तंबू सपाट जागी लावायचा, पण खोलगट जागी नाही, नाहीतर पाऊस पडला की अंथरुणाची होडी होते. पाण्याच्या नळाजवळ लावायचा, पण नळाला चिकटून नाही, कारण पहाटेपासून तिथे भांडी खडखडतात. वाळकी फांदी डोक्यावर असेल तर ते झाड कितीही आवडलं तरी सोडायचं. खारू सगळं ऐकत होती आणि नकाशावर बोट फिरवत होती.

"मग ही," ती म्हणाली. तळ्याच्या वरच्या अंगाला, रेघा ऐसपैस होत्या तिथली जागा. तिनं बरोबर ओळखली होती.

खारू माझी नात, मुलीची मुलगी. सापडेल ते खिशात कोंबायची सवय, म्हणून खारू. दगड, बटणं, पेनांची टोपणं, सगळं तिच्या फ्रॉकात असतं, आणि कपडे धुवायला टाकण्याआधी तिची आई रोज ओरडते. गेल्या वर्षी तिचे आईबाबा वेगळे झाले. ती आणि तिची आई माझ्याकडे राहायला आल्या. बाबा गावाच्या दुसऱ्या टोकाला एका खोलीत राहतात. भांडाभांडी काही झाली नाही. दोघंही थकलेल्या माणसांसारखी हळू आवाजात बोलली आणि सामान वाटून घेतलं. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

दर सुट्टीत आम्ही शहराबाहेरच्या सरकारी उद्यानात तंबू ठोकून राहतो. त्या उद्यानात तळं आहे, झाडी आहे आणि तंबूंसाठी आखलेल्या जागा आहेत. आमचा तंबू फार जुना, शाळेनं मोडीत काढला तेव्हा मी उचलून आणलेला. जाड कापड, चार कोपऱ्यांना चार काठ्या आणि वरून मधला दांडा. हा दांडा बसेपर्यंत चारही काठ्या कुणीतरी धरून ठेवाव्या लागतात. एकानं हात सोडला की सगळं डोक्यावर येतं. त्यामुळे आमच्या घरात प्रत्येकाचा कोपरा ठरलेला. एक माझा, एक माझ्या बायकोचा, एक मुलीचा आणि एक जावयांचा. दांडा जावई बसवायचे. एका हातानं आपली काठी धरायची आणि दुसऱ्या हातानं दांडा चढवायचा, हे त्यांनाच जमायचं. बायको गेली तेव्हा खारू काठीला मिठी मारण्याइतकी झाली होती. तिला आजीचा कोपरा मिळाला. त्या दिवशी ती कितीतरी वेळ काठी सोडायलाच तयार नव्हती.

सामान वाटताना तंबूचं काय झालं ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. कापड माळ्यावर होतं, ते मुलीच्या खोक्यांबरोबर माझ्याकडे आलं. काठ्या आणि दांडा जावयांच्या गाडीच्या टपाला बांधलेले होते, ते तिकडे गेले. लक्षात आलं ते खारूच्या.

"म्हणजे बाबांशिवाय तंबू होणारच नाही," ती म्हणाली होती. "आणि आईशिवाय पण नाही."

ती हे दुःखानं म्हणाली नव्हती. एखादी चांगली बातमी सांगावी तसं म्हणाली होती.

उद्यानातल्या जागा संगणकावरून ठरवाव्या लागतात. ज्या सकाळी नोंदणी उघडते, त्या सकाळी चांगल्या जागा चहा गार व्हायच्या आत संपतात. खारू माझ्या आधी उठून खुर्चीत बसली होती. तळ्यावरची जागा मिळाली. 'माणसं किती' असा चौकोन आला, आणि मी काही बोलायच्या आत तिनं चारचा आकडा दाबला.

माझी मुलगी मागे उभी होती. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासते आणि काचा बसवते. कामावर निघायची वेळ झालेली, एक हात कोटाच्या बाहीत.

"तीन कर," ती म्हणाली.

"चार," खारू म्हणाली.

"खारू, आपलं बोलणं झालंय."

"तुझं झालंय. कोपरे किती आहेत?"

"अप्पा, तुम्ही सांगा हिला."

मी म्हणालो, "अगं, जागा चार माणसांची घेतली आणि तीन गेली तर कुणी हाकलून देत नाही."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. रोज दिवसभर ती लोकांना विचारते, 'आता स्पष्ट दिसतंय? की आधीचं बरं होतं?' तसंच तिनं मला विचारावं असं वाटलं. पण तिनं दुसरी बाही चढवली.

"तुम्हीच लाडावून ठेवलंय," असं म्हणून ती गेली.

तिच्या पाठीमागे मी एक प्रयत्न केला. खाली राहणाऱ्या नर्सबाईंकडे नव्या धर्तीचा तंबू आहे. पिशवीतून काढून भिरकावला की आपोआप उघडतो, माणूस लागत नाही. तो मागून आणू या, असं मी म्हणालो.

खारूनं माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू मी वर्गात चुकीची राजधानी सांगितली होती. "तो तंबू नाही आबा. ती छत्री आहे."

"अगं पण झोपता येतं ना त्यात."

"तूच सांगितलंस ना, तंबू कशानं उभा राहतो? चार जणांनी चार बाजूंना ओढलं की. सगळे एकाच बाजूला गेले तर पडतो. लांब लांब उभं राहायचं, पण सोडायचं नाही." तिनं खिशातून एक खुंटी काढून मला दाखवली. लोखंडी खुंट्या कापडाबरोबर आमच्याकडे आल्या होत्या आणि ती एकेक करून त्या खिशात घेऊन फिरत होती. "आईबाबा लांबच राहिले तरी चालतील मला. कोपऱ्यांवर."

हे मीच शिकवलं होतं, शब्दन् शब्द. तंबूबद्दल शिकवलं होतं.

मी जावयांना भेटायला गेलो. ते लिफ्ट दुरुस्त करतात. त्या दिवशी एका उंच इमारतीत काम चाललं होतं आणि तळमजल्यावर 'लिफ्ट बंद आहे' अशी पाटी लटकत होती. जिना चढताना प्रत्येक मजल्यावर मी थांबत होतो. एका बाईनं दार उघडून विचारलं, "कुणाकडे?" मी म्हणालो, "वर, जावयाकडे. जावई लिफ्टवाला आणि सासरा जिन्यानं!" ती हसली आणि तिनं मला पाणी दिलं.

गच्चीवर मशीनची खोली होती. आत तेलाचा आणि तापलेल्या तारांचा वास. मोठ्या चाकावरून जाड दोर खाली अंधारात गेलेले. जावई गुडघ्यांवर बसून ब्रेकचे पट्टे साफ करत होते. मला बघून ते धडपडत उठले.

"अप्पा! तुम्ही चढून आलात? अहो फोन करायचा."

"फोनवर तुम्ही हो हो म्हणता."

ते ओशाळून हसले, चिंधीला हात पुसत राहिले. मला बसायला एक उलटी बादली दिली. कोपऱ्यात त्यांची हत्यारं एका कापडावर ओळीनं मांडलेली होती. या माणसाच्या हाताखालून काही वाकडं गेलेलं मी कधी पाहिलं नाही.

मी सगळं सांगितलं. तळ्यावरची जागा, बटाटा, चारचा आकडा, खिशातल्या खुंट्या. ते ऐकत होते आणि चिंधी पिळत होते.

"मी नाही येणार, अप्पा."

"दोनच रात्रींचं तर आहे."

"त्याच दोन रात्रींची भीती वाटते." ते खिडकीपाशी गेले. "मी आलो तर ती खूश होईल. तळ्यावर जाऊ, शेकोटी करू, ती माझ्या पाठीवर बसेल. आणि मग गाडीत सामान भरायचं, तिला तुमच्या दाराशी सोडायचं आणि आपण पुढे निघायचं. एकदा निघालो ते कसा निघालो, माझं मला ठाऊक. तेच परत करायचं? दर सुट्टीत? ती तर प्रत्येक वेळी समजेल, की आता बाबा थांबणार."

इतकी वर्षं मुलांच्या शंका ऐकल्या, त्यातली खरी शंका कोणती आणि पळवाट कोणती ते मला ओळखता येतं. ही दोन्ही होती.

"मग तिला तुम्ही सांगा," मी म्हणालो. "रविवारी तालीम आहे. काठ्या घेऊन या, आणि समोर बसून सांगा. माझ्याकडून नको, तिच्या आईकडून तर नकोच."

दर वर्षी निघायच्या आधी आम्ही बाहेरच्या खोलीत तंबू पूर्ण उभा करून बघतो. एका वर्षी उंदरानं कापड कुरतडलेलं जागेवर पोचल्यावर कळलं, तेव्हापासूनची ही रीत. घरातली तालीम, असं खारू म्हणते.

"येतो," ते म्हणाले. मग जरा वेळानं, "तो कोपरा... तिथे माणूस कशाला लागतो हो नक्की?"

"म्हणजे?"

"काठी फक्त धरायची असते ना? हलू द्यायची नाही, एवढंच?"

"एवढंच. मधला दांडा बसेपर्यंत सरळ राहिली पाहिजे. आणि दांडा कुणीही चढवेल, स्टुलावर उभं राहून." विचारलेल्या प्रश्नाचं नेमकं उत्तर द्यायची सवय अंगात मुरलेली. मी आणखी म्हणालो, "बाहेरच्या बाजूला ओढ बसते, तेवढी पेलली पाहिजे."

त्यांनी मान हलवली. मी जिना उतरलो.

रविवारपर्यंतचे दिवस मला फार जड गेले. खारूला माहीत नव्हतं आणि मला माहीत होतं, आणि आम्ही दोघं एकाच टेबलाशी बसून तयारी करत होतो. मी तिला दोराची गाठ शिकवली, ओढली की घट्ट होते आणि सरकवली की सैल होते ती. ती खुर्चीच्या पायाला बांधून तिनं दिवसभर सगळ्यांना अडखळवलं. उद्यानाचे नियम तिनं मोठ्यानं वाचून दाखवले. शेकोटी ठरलेल्या खड्ड्यातच, बाहेरची लाकडं आणायची नाहीत, अंधार पडल्यावर गोंगाट नाही.

"बाबा घोरतात, तो गोंगाट धरतात का?"

"नसावेत धरत."

"आपण त्यांना तळ्याच्या बाजूला झोपवू. मासे जागे राहतील, आपण झोपू." ती स्वतःच हसली. मग तिनं कागदावर तंबूचा चौकोन काढून कोण कुठे झोपणार ते आखलं. आईबाबा दोन टोकांना, मधे ती आणि मी. "हे बघ, एकमेकांना लागणार पण नाहीत. आहे की नाही डोकं?"

"आहे," मी म्हणालो.

मुलगी ओट्याशी उभी राहून पाव कापत होती. तिची सुरी थांबली. मी वर पाहिलं नाही. गच्चीवरचं बोलणं तिला मी सांगितलं होतं, आणि ती एवढंच म्हणाली होती, "येतो म्हणालेत? बघू या, अप्पा." त्या 'बघू या'मध्ये राग नव्हता. राग असता तर त्यात थोडी आशाही असती.

रविवारी आम्ही बाहेरची खोली रिकामी केली. सोफा भिंतीला लावला, टेबल आतल्या खोलीत गेलं. कापड जमिनीवर पसरलं, तेव्हा गेल्या वर्षीच्या गवताची वाळकी पाती त्यातून पडली. खारूनं ती उचलून खिशात घातली. चार कोपऱ्यांवर तिनं खडूनं फुल्या केल्या आणि बाबांच्या फुलीवर पाणी पिण्याचा पेला ठेवला, कारण दांडा चढवल्यावर त्यांना तहान लागते.

दुपार होत आली तेव्हा घंटी वाजली. खारू धावली.

दारात सामान पोचवणारा माणूस होता. खांद्यावर लांब पुडकं आणि दुसऱ्या हातात गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड. "लिफ्टवाल्या दादांनी पाठवलंय," तो म्हणाला. "जपून हां पोरी, पायावर पडेल."

खारू त्याच्या मागे जिन्यात वाकून बघत होती. "बाबा गाडी लावतायत का?"

"ते माहीत नाही बुवा. मला फक्त सामान दिलं." तो उतरून गेला. त्याची पावलं पार तळापर्यंत ऐकू आली, नंतर जिन्यात कुणाचीच आली नाहीत.

मुलीनं फोन लावला. वाजत राहिला. तिनं तो ठेवून दिला आणि पुन्हा लावला नाही.

पुडक्यात काठ्या होत्या. पुसून, तेल लावून, गंज काढून नव्यासारख्या केलेल्या. दांड्याचं सैल झालेलं टोक ठीक केलेलं. गोणपाट मी सोडलं. आत एक लोखंडी तिपाई होती. रुंद पाय, मधे उभी नळी, नळीला घट्ट करायचा स्क्रू. पायांना खाली रबर लावलेलं, फरशीवर ओरखडे उठू नयेत म्हणून. आणि बाहेर मातीत खुंटी ठोकता यावी म्हणून प्रत्येक पायाला भोक. कडा कानशीनं इतक्या गुळगुळीत घासलेल्या होत्या की लहान मुलाचा हात कापला नसता. कितीतरी संध्याकाळी त्यावर गेल्या असतील.

मी ते ओळखलं.

"हे काय आहे?" खारूनं विचारलं.

खारू तिपाईभोवती एकदा फिरली. मग तिनं एक काठी उचलली आणि नळीत उभी केली. काठी बरोबर बसली. तिनं स्क्रू आवळला, काठी हलवून बघितली. काठी हलली नाही.

तिचा चेहरा मी पाहत होतो. रेघांमधून डोंगर वर येताना मुलांचे चेहरे होतात तसाच झाला. तिला समजलं.

"बाबांचा कोपरा," ती म्हणाली.

"खारू," तिची आई पुढे झाली, "बाबांना काम आलं असेल गं, नाहीतर ते..."

"नाही. काम असतं तर आत्तापुरतं काहीतरी केलं असतं. याला रंग पण दिलाय." तिनं नळीवरून बोट फिरवलं. "हे कायमचं आहे."

तिनं फुलीवरचा पेला उचलून खिडकीत ठेवला आणि तिपाई ओढत तिथे नेली. आम्हाला नेऊ दिली नाही. "चला," ती म्हणाली. "तालीम करू या."

आम्ही केली. ती तिच्या कोपऱ्यावर, मुलगी तिच्या. मी स्टुलावर चढलो, एका हातात माझी काठी आणि दुसऱ्या हातानं दांडा. दांडा एका खेपेत बसला, कारण चौथी काठी जराही हलली नाही. इतक्या वर्षांत आमचा तंबू असा ताठ कधी उभा राहिला नव्हता. जावई उभे असायचे तेव्हा ते बोलायचे, हसायचे, नाक खाजवायचे, आणि काठी डुलायची.

"छान झालाय," मुलगी म्हणाली.

खारू काठी सोडून मागे सरकली आणि तंबूकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मी वाट बघत होतो ते येण्याची.

"आबा," ती म्हणाली, "हे असं आणखी करता येतं का?"

"काय?"

"हे लोखंडाचं. तुझ्या कोपऱ्याला एक आणि आईच्या कोपऱ्याला एक. आणि माझ्याही, म्हणजे मला दांडा चढवायला दोन्ही हात मोकळे राहतील." ती शांतपणे, शंका विचारावी तशी विचारत होती. "मग तंबू एका माणसाला लावता येईल ना? कुणाला विचारायला नको."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. खोटं सांगा, असं ती डोळ्यांनी म्हणत होती. मीही ते शोधत होतो. नाही म्हणता आलं असतं. लोखंड फार लागतं, वजन होतं, गाडीत मावत नाही, काहीही सांगता आलं असतं. पण खारू मी सांगितलेलं सगळं खरं धरून चालते, आणि आता खरं धरण्यासारखं तिच्याकडे फार उरलं नव्हतं.

"येतं," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. खिशातून एकेक खुंटी काढून सगळ्या माझ्या हातात दिल्या. आता त्या सांभाळायची गरज नव्हती. मग विचारलं, "ते संगणकावर चार लिहिलंय, ते बदलता येतं?"

"बदलता येतं."

"मग बदल."

"किती करू?"

ती तंबूत शिरली आणि आतून दोरीची गाठ ओढून तिनं पडदा लावून घेतला. मी शिकवलेलीच गाठ होती. ओढली की घट्ट होणारी.

कापडाच्या अलीकडे आम्ही दोघं उभे होतो. दांडा कधीचा बसला होता. तरी मुलीनं आपली काठी सोडली नव्हती, आणि मीही माझ्या काठीपाशी जाऊन ती धरली. मी पुन्हा विचारलं, "किती करू, खारू?"